पुदुच्चेरीचे योग-ध्यान शिबिर : जाऊन आल्यानंतरचे काही प्रश्न

अंबाझरीकाठ (धागालेखिका) :

सर्वांना नमस्कार. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई पुदुच्चेरी येथे सात दिवसांच्या योग आणि ध्यान शिबिराला जाऊन आलो. मी एकोणसाठ वर्षांची, मागच्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेली. सहा वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेते. जाऊबाई चौसष्ट वर्षांच्या असून त्यांचा उजवा गुडघा त्यांना मांडी घालू देत नाही. नागपुरात योगवर्गांची वानवा नाही हे मला ठाऊक आहे, आणि पहिल्या दोन-तीन प्रतिसादांत कोणीतरी ते सुनावणार हेही ठाऊक आहे. तरीही घरात ध्यानाला बसले की कुकरच्या शिट्ट्याच मोजल्या जातात, हा आम्हा दोघींचा वर्षानुवर्षांचा अनुभव असल्यामुळे घरापासून लांब, समुद्राजवळच्या एखाद्या जुन्या शहरात आठवडाभर जाऊन राहावे असे ठरले.

जागेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जुन्या फ्रेंच वस्तीतील दुमजली घर, पिवळ्या भिंती, अंगणात बोगनवेल, वर गच्चीवर झावळ्यांचा मांडव आणि त्याखाली ओळीने मांडलेल्या अठरा मॅट. पहाटे खाली रस्त्यावर तमिळ बायका सडा घालून तांदळाच्या पिठाचे कोलम काढत असत आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र लागत असे. वेळापत्रक मात्र असे होते की मला शाळेची आठवण झाली. फरक इतकाच की घंटेऐवजी काशाचा वाडगा वाजत होता. साडेपाचला जलनेती (मिठाचे पाणी एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून काढणे), सहाला आसने, नाश्ता, साडेनऊला प्राणायाम, अकराला सजगतेचा वर्ग, जेवण, तीनला व्याख्यान, पाचला शहरदर्शन, सातला वाडग्यांच्या नादाचे सत्र आणि साडेआठला रोजनिशी लिहिणे. शांतता मिळावी म्हणून गेलेल्या माणसाला शांत बसायला दिवसाकाठी मोजून वीस मिनिटे मिळत होती, आणि तीही जेवणानंतर, जेव्हा डोळे मिटले की सरळ झोपच लागते.

दोन प्रसंग सांगते. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, वेळापत्रकात ‘मातृमंदिरात ध्यान’ असे छापले होते. हे ध्यानमंदिर शहराबाहेरच्या ऑरोविल या आंतरराष्ट्रीय वसाहतीत आहे. बसने तेथे गेल्यावर कळले की मंगळवारी बाहेरच्या लोकांना आत ध्यानाला सोडत नाहीत आणि एरवीही त्यासाठी स्वतंत्र, आगाऊ नोंदणी लागते. आयोजकांनी ती केलेलीच नव्हती. अठरा माणसांनी लांबच्या उंचवट्यावरून तो सोन्याच्या तबकड्यांचा गोल पाहिला, फोटो काढले आणि परतीची बस धरली. मी मात्र तेथल्या तेथे हट्टाने पुढच्या सोमवारची आम्हा दोघींची नोंदणी करून घेतली, कारण शिबिरानंतरचे तीन दिवस आम्ही शहरातील अरविंद आश्रमाच्या अतिथिगृहात राहणारच होतो.

दुसरा प्रसंग बुधवारचा. गच्चीवर भस्त्रिका सुरू होती. शिक्षक पंचविशीतला, उत्साही आणि गोड बोलणारा मुलगा होता. जोरजोरात चाळीस श्वास, मग श्वास भरून रोखून धरायचा, मग पुन्हा चाळीस. आम्हाला कोणाला काय आजार आहे, कोण कोणती गोळी घेते, हे त्या दिवसापर्यंत एकदाही विचारले गेले नव्हते; पैसे भरताना शाकाहारी की मांसाहारी एवढेच विचारले होते. तिसऱ्या आवर्तनात माझ्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि डोळे उघडले तर समोरच्या मॅटची कड पाण्यावर तरंगावी तशी हलत होती. जाऊबाई गुडघ्यामुळे शेजारी खुर्चीवरच बसलेल्या असल्याने त्यांनी वेळेवर माझा दंड धरला. शिक्षक मुलगा जवळ येऊन हसतमुखाने म्हणाला की घाबरू नका, शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत आहेत. मी त्या दिवसापासून प्राणायामाच्या तासाला खाली अंगणात जाऊन बसले, आणि खरे सांगायचे तर आठवड्यातील सर्वांत चांगले ध्यान मला त्या अंगणातच लागले.

शिबिराचे शुल्क प्रत्येकी २८,००० रुपये होते, प्रवास वेगळा. त्यानंतरच्या तीन दिवसांत आश्रमाच्या अतिथिगृहात राहून, रोज सकाळी तेथील अरविंदांच्या समाधीजवळ बसून, आम्ही दोघींनी मिळून त्याच्या एक षष्ठांशही खर्च केला नाही. आता प्रश्न. पैसे भरण्याआधी आयोजकांना नेमके काय विचारायला हवे होते? रक्तदाब असलेल्या माणसाने कोणता प्राणायाम करावा आणि कोणता टाळावा? आणि पुदुच्चेरीसारख्या गावात शिबिराची गरज तरी आहे का, की नुसते जाऊन राहणेच पुरे?

टेकडी_रोजची :

ताई, सुनावण्याचा मान मीच घेते. रामनगरला श्री जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात योग विनामूल्य शिकवतात आणि शहराच्या अनेक भागांत त्यांचे वर्ग चालतात. माझी आई तेथे शिकली, मी शिकले आणि आता माझी सून जाते. तेथील शिकवण्याची पद्धत सावकाश आहे, इतकी सावकाश की तरुण मुलांना कंटाळा येतो. परंतु साठीच्या माणसाला चाळीस भस्त्रिका कोणी करायला लावत नाही. २८,००० रुपयांत माझ्या मते नागपूरकराने एक चांगली खुर्ची, एक सतरंजी आणि वर्षभराची संत्री घ्यावीत.

अंबाझरीकाठ :

रामनगरच्या वर्गाला मी तरुणपणी दोन वर्षे गेले आहे आणि जी काही आसने मला नीट येतात ती तेथलीच आहेत. परंतु वर्ग संपवून घरी परतताना भाजी घ्यायची असते हा फरक आहे. मला आठवडाभर कोणाचीच भाजी घ्यायची नव्हती.

मेडिकल_चौकातून :

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. येथे लिहिलेले सर्वसाधारण स्वरूपाचे समजावे. स्वतःपुरता निर्णय आपल्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

आपल्याला जे झाले त्यात विषद्रव्यांचा काहीही संबंध नाही. जोरजोरात आणि भराभर श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेथील रक्तपुरवठा तात्पुरता घटतो. डोके हलके होणे, बोटांना मुंग्या येणे आणि ओठांभोवती बधिरपणा येणे ही त्याचीच ठरलेली लक्षणे आहेत. त्यावर लगेच श्वास भरून रोखून धरला की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त क्षणभर अडते आणि रक्तदाब वर-खाली होतो. निरोगी तरुणाला यातून बहुधा काही होत नाही. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असलेल्या व्यक्तींनी मात्र जोराची भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) टाळावेत, हे योगाचे जबाबदार शिक्षकही सांगतात. काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसनेही टाळावीत, कारण त्यात डोळ्यांतील दाब वाढतो.

सावकाश श्वसन, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास, कुंभकाशिवायचे नाडीशोधन (एकेका नाकपुडीने आलटून पालटून श्वास) आणि भ्रामरी (गुणगुणत श्वास सोडणे) हे प्रकार बहुतेकांना झेपतात. त्याने रक्तदाब थोडा उतरण्यास मदत होऊ शकते, पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. दरवर्षी अशा शिबिरांहून परतलेले दोन-तीन रुग्ण माझ्याकडे गोळी बंद करून येतात आणि आठवडाभरात डोके धरून बसतात.

एक विचारायचे राहिले. जलनेतीचे पाणी कोठले होते? नळाचे असेल तर ते योग्य नाही. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे आणि त्यात अर्ध्या लिटरला जेमतेम एक छोटा चमचा मीठ हवे. त्याहून कमी किंवा जास्त झाले की नाक चुरचुरते. न उकळलेल्या पाण्यातील एक प्रकारचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे क्वचितच घडते, परंतु घडले तर वाचण्याची शक्यता फार थोडी असते. शिवाय नेतीनंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या पूर्ण कोरड्या केल्या पाहिजेत.

अंबाझरीकाठ :

डॉक्टर, पाणी गच्चीवरच्या टाकीच्या नळाचे होते आणि मीठ शिक्षक मुठीने टाकत होता. आपला प्रतिसाद मी जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी नेतीचे भांडे आठवण म्हणून विकत आणले होते, त्यात आता तुळस लावली आहे.

महालातला_जुना :

धाग्याचा विषय शिबिराचा असला तरी पुदुच्चेरी आणि नागपूर यांचा ध्यानाशी असलेला जुना संबंध येथे यायलाच हवा, कारण आजच्या पर्यटन पुस्तिकांत तो आढळत नाही.

१९०७ चे काँग्रेस अधिवेशन मुळात नागपूरला भरायचे होते. येथे जहालांचा जोर फार आहे हे पाहून ते सुरतेला हलवण्यात आले आणि तेथे डिसेंबरअखेर काँग्रेस फुटली. अरविंद घोष तेव्हा जहालांच्या बाजूने सुरतेत होते. तेथून ते बडोद्याला गेले. बडोद्याच्या नोकरीतील वर्षांत ते मराठी शिकलेले होते आणि १९०४ च्या सुमारास त्यांनी स्वतःहून प्राणायामही सुरू केला होता, पण तो पुढे सरकत नव्हता. जानेवारी १९०८ मध्ये बडोद्यात त्यांची विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या घरातील वरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी त्यांना सांगितलेली युक्ती अगदी साधी होती. विचार आपल्या आत जन्मत नाहीत, ते बाहेरून येतात. ते येताना पाहावे आणि आत शिरण्यापूर्वीच परतवावे. त्या तीन दिवसांत आपले मन निःशब्द झाले, असे अरविंदांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्यानंतर लगेच ते महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात भाषणे देत फिरले आणि जानेवारीच्या अखेरीस अमरावती व नागपूर येथेही बोलले. म्हणजे त्या मौनाला महिनाही झाला नव्हता तेव्हाचे अरविंद आपल्या गावाने ऐकले आहेत.

४ एप्रिल १९१० रोजी ते पुदुच्चेरीला पोहोचले, ते ध्यानासाठी सोयीचे गाव म्हणून नव्हे. ते फ्रेंचांच्या ताब्यात असल्यामुळे इंग्रज पोलिसांचा हात तेथे पोहोचत नव्हता. १९२० मध्ये नागपुरात अधिवेशन भरायचे ठरले तेव्हा आपल्या डॉ. मुंजे यांनी त्यांना अध्यक्ष होण्याची विनंती केली. ३० ऑगस्ट १९२० च्या पत्राने अरविंदांनी ती नाकारली आणि अध्यक्षपद विजयराघवाचार्यांकडे गेले. टिळकांना जाऊन तेव्हा महिनाही झालेला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे तो नकार नागपूरकरांना किती लागला असेल याची कल्पना येते. आश्रमाची स्थापना पुढे २४ नोव्हेंबर १९२६ ची.

त्यामुळे मातृमंदिराचा फोटो छापून भस्त्रिका शिकवणाऱ्या शिबिरांची मला गंमत वाटते. अरविंदांच्या पूर्णयोगात आसन किंवा प्राणायाम सक्तीचे नाहीत आणि सर्वांनी एकाच पद्धतीने करावयाचे असे ठरावीक ध्यानही नाही. ज्यांना हठयोगच शिकायचा आहे त्यांच्यासाठी पुदुच्चेरीत वेगळी परंपरा आहे. स्वामी गीतानंद गिरी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेला आनंद आश्रम त्याच कामासाठी ओळखला जातो. एकाचे चित्र दाखवून दुसरे विकणे, तेही अर्धेमुर्धे, याला नागपूरच्या आमच्या महाल भागात वेगळा शब्द आहे. तो येथे लिहीत नाही.

चेन्नईतली_वैदर्भी :

मी मूळची धंतोलीची असून अठरा वर्षांपासून चेन्नईत राहते आणि वर्षातून दोनदा तरी पुदुच्चेरीला जाते. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करते.

आश्रम आणि ऑरोविल या दोन वेगळ्या संस्था आहेत. आश्रम शहरात आहे. ऑरोविल शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर असून त्याचा बहुतेक भाग तामिळनाडूच्या विलुपुरम जिल्ह्यात येतो. त्याची सुरुवात २८ फेब्रुवारी १९६८ रोजी झाली. त्या दिवशी १२४ देशांतून आणलेली माती एका कमळाकार कलशात ठेवली गेली. १९८८ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याचा कारभार चालतो. नुसते पाहणे आणि आत जाऊन बसणे यांसाठीची परवानगी वेगळी असते, हे ताईंनी लिहिले आहेच. आश्रमाच्या मुख्य इमारतीत मोबाइल बंद ठेवून, बोलणे थांबवून जायचे असते आणि तीन वर्षांखालील मुलांना आत नेता येत नाही. २१ फेब्रुवारी, २४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २४ नोव्हेंबर हे दर्शनाचे दिवस असल्यामुळे त्यांच्या आसपास अतिथिगृहात खोली मिळणे कठीण जाते.

ऋतूबद्दल नागपूरकरांचा हमखास गैरसमज होतो. आपण पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसे असल्यामुळे मे महिन्यात पुदुच्चेरीचे सदतीस-अडतीस अंश वाचून हसतो. परंतु तेथील हवा दमट असते. घाम येतो, तो वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. आपला वाळ्याचा कूलर तेथे निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने. अशा हवेत उघड्या गच्चीवर साडेनऊ वाजता जोराचा प्राणायाम जानेवारीत जेमतेम चालतो. एप्रिल ते जूनमध्ये तर तो करूच नये. पाऊसही आपल्या उलट आहे. आपला मृग तेथे कोरडाच जातो आणि ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. ३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्यावर आले तेव्हा एका दिवसात इतका पाऊस झाला की गल्ल्यांतून होड्या फिरवाव्या लागल्या. म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारी हेच महिने उत्तम. पुदुच्चेरी सरकारचा आंतरराष्ट्रीय योग महोत्सवही ४ ते ७ जानेवारीलाच असतो.

जाता जाता एक विचारते. तेथील स्वयंपाक्याला जाऊबाईंनी ‘वरून थोडा सांबार घाला’ असे सांगितले नाही ना? माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि आपल्याकडच्या ‘सांबारा’ऐवजी, म्हणजे कोथिंबिरीऐवजी, पोह्यांवर पळीभर आमटी आली होती.

अंबाझरीकाठ :

सांगितले. उपम्यावर आली.

कामठी_लाईन :

मी माहुरझरीजवळच्या धम्म नाग केंद्रात दोन वेळा दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे, त्यामुळे तुलना करतो. तेथे पहाटे चारला उठवतात आणि दिवसाकाठी सुमारे दहा तास बसावे लागते. दहाव्या दिवसापर्यंत बोलायचे नाही, वाचायचे नाही, लिहायचे नाही. शुल्क नसते, शिबिर पूर्ण केल्यानंतर ज्याला वाटेल त्याने दान द्यावे. अर्ज भरतानाच आजार, औषधे आणि मानसिक त्रासाचा पूर्वेतिहास यांबद्दल सविस्तर विचारतात. ज्या गोष्टीसाठी ताईंनी २८,००० रुपये मोजूनही कोणी विचारपूस केली नाही, ती येथे एक पैसा न घेता होते.

तरीही प्रत्येकाने विपश्यनाच करावी असे मी म्हणणार नाही. माझ्या मोठ्या भावाला तिसऱ्या दिवशी कोंडल्यासारखे झाले आणि आचार्यांशी बोलून तो घरी आला. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला मोकळी हवा, समुद्र आणि आपल्या मर्जीने उठबस हवी आहे त्याला दहा दिवसांची शिस्त सोसेलच असे नाही. पण सात दिवसांत आठ प्रकारचे पदार्थ वाढणाऱ्या शिबिरात मन एका ठिकाणी बसणार कसे, हे मला कळलेले नाही. विहीर खणायची तर एकाच जागी खणावी लागते.

प्रतापनगरचा_योगशिक्षक :

मी गेली चौदा वर्षे योग शिकवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही थोडे लिहितो, रागावू नये.

ताईंची तक्रार रास्त आहे. परंतु त्या पंचविशीतल्या मुलाला पूर्ण दोष देणे मला जड जाते. दोनशे तासांचा, म्हणजे महिनाभराचा, अभ्यासक्रम करून तो बाहेर पडलेला असणार. दोनशे तासांत आसने नीट करता येतात, ती शिकवण्याचा क्रम कळतो. समोरच्याचा चेहरा पाहून थांबायचे केव्हा, हे मात्र गुरूच्या हाताखाली काही वर्षे वर्ग चालवल्याशिवाय कळत नाही. आयोजकांना स्वस्तात शिक्षक हवा असतो आणि शिबिरार्थींना रोज काहीतरी नवीन हवे असते. मी स्वतः एकदा हेमलकशाच्या वाटेवर तीन दिवसांचे शिबिर घेतले आणि वेळापत्रकात मोकळा वेळ जास्त ठेवला, तर चार जणांनी पैसे परत मागितले. मोकळ्या वेळाचे पैसे द्यायला लोक तयार नसतात, हीही वस्तुस्थिती आहे.

हठप्रदीपिकेत स्पष्ट म्हटले आहे की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसाच प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. हे वाचलेला शिक्षक पहिल्या आठवड्यात अनोळखी माणसाला कुंभक देणार नाही. पतंजलींच्या जवळपास दोनशे सूत्रांपैकी आसनावर थेट तीनच आहेत, आणि त्यातले पहिले ‘स्थिर आणि सुखाचे’ एवढेच सांगते. जाऊबाईंचे खुर्चीवरचे बसणे त्या सूत्रात पूर्णपणे बसते. त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. खुर्चीवर बसताना फक्त पाठ टेकू नये, तळवे जमिनीला पूर्ण लागावेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाऊ नयेत. पाय पोहोचत नसतील तर खाली जाड पुस्तक किंवा विटेएवढा लाकडी ठोकळा ठेवावा.

पैसे भरण्याआधी काय विचारावे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. शिक्षक किती वर्षांपासून शिकवतो आणि त्याचा स्वतःचा गुरू कोण, हे विचारावे; आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली असल्यास चांगलेच. एका शिक्षकामागे माणसे किती असतील ते विचारावे, कारण अठरा जणांमागे एकच शिक्षक असेल तर मागच्या रांगेतील माणूस त्याला दिसतच नाही. आरोग्याची माहिती ते केव्हा आणि कशी घेतात ते विचारावे, आणि त्यांनी विचारली नाही तर आपण लिहून द्यावी व त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. शेवटी मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे. या चारही प्रश्नांना जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये.

मेडिकल_चौकातून :

योगशिक्षकांशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो की गोळ्यांची यादी, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आणि घरचा संपर्क क्रमांक शिबिरार्थीने सोबतच्या माणसाजवळही द्यावा. ताईंजवळ जाऊबाई होत्या; सगळ्यांजवळ नसतात.

वर्धा_रोड :

धागा वाचून आई-वडिलांना पाठवण्याचा विचार करतो आहे, पण शिबिराला नव्हे, अतिथिगृहात राहायलाच. नागपूरहून जायचे कसे आणि तेथे दिवसभर करायचे काय, हे कोणी सांगेल का? आणि मातृमंदिरात आत नेमके असते तरी काय? वडील विचारतात की तेथे मूर्ती नसेल तर नमस्कार कोणाला करायचा.

अंबाझरीकाठ :

आम्ही तामिळनाडू एक्सप्रेसने गेलो. दुपारी नागपूरला बसलो की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई. तेथून महाबलीपुरमवरून जाणाऱ्या किनाऱ्यालगतच्या रस्त्याने पुदुच्चेरी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, बसने साडेतीन-चार तास धरावेत. वडिलधारी मंडळी असतील तर चेन्नईत उतरल्यावर लगेच पुढे न निघता तेथेच दोन-तीन तास विश्रांती घ्यावी. आम्ही घेतली नाही आणि पहिला दिवस पाय सुजवून घालवला. अतिथिगृहे साधी आणि स्वच्छ आहेत. मद्य आणि धूम्रपान चालत नाही व रात्री दार ठरलेल्या वेळी बंद होते, तेव्हा उशिरापर्यंत फिरण्याची सवय असणाऱ्यांनी दुसरीकडे राहावे.

दिवसभर करण्यासारखे फार काही नाही आणि तेच मला हवे होते. सकाळी समाधीजवळ बसायचे. आश्रमाच्या अंगणात मोठा वृक्ष आहे, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला असतो तोच सोनमोहर, आणि त्याच्या सावलीत अरविंद व आश्रमातील त्यांच्या सहकारी माताजी यांची एकत्र समाधी आहे. पहाटे तेथील साधक तिच्यावर फुलांची नक्षी मांडतात. एक वृद्ध गृहस्थ पांढऱ्या शेवंतीची एकेक पाकळी नव्हे, एकेक फूल देठ खाली करून, बोटाने किंचित दाबून बसवत होते; एक ओळ वाकडी झाली असे वाटल्यावर त्यांनी अकरा फुले परत उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडली. मी तो सगळा वेळ त्यांच्याकडेच पाहत होते. तेथे कोणी काही शिकवत नाही, डोळे मिटा असेही म्हणत नाही, आणि कोणी उठून गेले तरी कोणी मान वर करत नाही. संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर वाहने बंद असतात, तेथे गांधीजींच्या पुतळ्यापासून टोकापर्यंत फिरून यायचे. जाऊबाईंचा गुडघाही त्या सपाट रस्त्याने कुरकुरला नाही.

मातृमंदिराबद्दल आपल्या वडिलांचा प्रश्न जाऊबाईंनीही बसमध्ये विचारला होता. आत मूर्ती, फूल, उदबत्ती किंवा घंटा यांपैकी काहीही नाही. बाहेर चपला काढल्यावर पांढरे मोजे देतात, ते घालून गोलाच्या आतल्या बाजूने वळत जाणाऱ्या चढणीवरून वर जायचे. जाऊबाई कठड्याला धरून, दोनदा थांबून चढल्या. तेथील स्वयंसेविका काही न बोलता त्यांच्या चालीने चालली. वरचे दालन पूर्ण पांढरे आहे. पांढऱ्या भिंती, पांढरा गालिचा, बारा खांब आणि मधोमध सत्तर सेंटिमीटर व्यासाचा स्फटिकाचा गोळा, ज्यावर छतातून आरशाने वळवलेला उन्हाचा एकच झोत पडतो. बाकी अंधुक उजेड. जाऊबाईंना भिंतीजवळ खुर्ची मिळाली, मी खाली बसले.

आत जाण्यापूर्वी सांगितले होते की खोकला आला तर शांतपणे उठून बाहेर यावे, कारण त्या दालनात सुईही मोठ्याने पडते. हे ऐकल्याबरोबर माझ्या घशात खवखव सुरू झाली. पहिली पाच मिनिटे मी स्फटिकाकडे नव्हे, स्वतःच्या घशाकडेच लक्ष देऊन होते. आवंढा गिळला, जीभ टाळूला लावली, श्वास लहान केला. जितके दाबावे तितके ते वर येत होते. मग महालातल्या जुन्यांनी वर लिहिलेली लेल्यांची युक्ती मला तेव्हा ठाऊक नसतानाही बहुधा तसेच काहीसे घडले. मी ठरवले की आली तर येऊ दे, उठून जाईन, आणि ती खवखव कोठे सुरू होते, कोठवर येते, एवढेच पाहत राहिले. ती गळ्याच्या खळगीपर्यंत यायची आणि तेथेच विरायची. असे चार-सहा वेळा झाले. नंतर ती आली की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण पुढचे आठवते ते एकदम स्वयंसेविकेने दिवा दोनदा मंद-तेज करून वेळ संपल्याची केलेली खूण.

मोजे परत देऊन आम्ही बाहेरच्या मोठ्या वडाखाली येऊन बसलो. तेथे पोहोचताच जाऊबाईंनी पदर तोंडाला लावून जो खोकला काढला तो चांगला दोन मिनिटे थांबेना. आत वीस मिनिटे त्याही तेच करत बसल्या होत्या.